सायीचें दहीं आणि दादांचें ताट

आमच्या घरांत कधीं काळीं दह्यावरून वाद होईल, असें कोणी सांगितलें असतें तर मीं तें हंसण्यावारी नेलें असतें. भाताचा, गुळाचा, चहांतील साखरेचा वाद घरोघर होतच असतो. पण दहीं हें निर्विवाद. परगांवीं निघालेल्याच्या हातावर घालावयाचें तें दहीं, पंचामृतांत लागतें तें दहीं, आणि जेवणाच्या शेवटीं भात कालवावयाचा तोही दह्याशींच. असें हें निरुपद्रवी दहीं गेल्या वर्षीं श्रावणांत आमच्या माजघरांत मोठ्या वादाचा विषय होऊन बसलें, आणि त्या वादांत पंडित म्हणून उडी घेतलेल्या प्रस्तुत लेखकाच्या हातून एक गंभीर चूकही घडली. ती चूक आणि तिच्यापासून शिकलेल्या चार गोष्टी या महिन्याच्या सदरांत वाचकांपुढें ठेवावयाच्या आहेत.

आमचें घर वाईचें. माझे वडील बंधु, ज्यांना घरांत आणि आळींत सर्वच दादा म्हणतात, त्यांनीं बाहत्तरी ओलांडली आहे. आठ वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे आणि सकाळ-संध्याकाळ गोळ्या चालू आहेत. गेल्या आषाढांत त्यांचें रक्त तपासलें तेव्हां तीन महिन्यांची सरासरी सांगणारा जो आंकडा असतो, ज्याला एचबीएवनसी म्हणतात, तो ८.४ निघाला. हा आंकडा ६.५ किंवा त्याहून अधिक असेल तर मधुमेह समजावयाचा. डॉक्टरांनीं सांगितलें, "भात, पोळी, पोहे, साखर हें सर्व कमी करा. पण आहारांत मोठा बदल करणार असाल तर मला आधीं कळवा." या दोन वाक्यांपैकीं पहिलें आम्हीं सर्वांनीं ऐकलें. दुसरें कोणाच्याच कानांत शिरलें नाहीं. मास्तरकी केलेल्या माणसाच्या तर नाहींच नाहीं!

घरीं येतांच कुटुंबसभा भरली. वहिनींनीं साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला. दादांच्या सूनबाई शिकलेल्या व दक्ष. सासऱ्यांच्या हृदयाचीही काळजी त्यांना होतीच. त्यांनीं बाजारांतून दह्याचे छोटे डबे आणले. त्यांवर ठळक अक्षरांत 'लो फॅट' असें छापलें होतें आणि बाजूला लालचुटुक स्ट्रॉबेरीचें चित्र होतें. स्ट्रॉबेरी ही आमच्या पाचगणी-महाबळेश्वरची कन्या, म्हणून दादांनाही डबा आवडला. वहिनींनीं विरजलेल्या सायीच्या दह्याकडे पाठ फिरवून दादा रोज चार वाजतां असे दोन डबे खाऊं लागले. पथ्याचें पथ्य आणि गोडाचें गोड. याहून सुखाचें आणखी काय असावें!

वीस दिवस गेले. साखर मोजण्याचें लहानसें यंत्र घरीं आहे. त्यांत चार वाजतांच्या खाण्यानंतर दोन तासांनीं पाहिलेला आंकडा कधीं २४०, तर कधीं २५० येऊं लागला. दादा म्हणाले, "अरे, भात निम्मा केला, चहा फिका केला, साय सोडली, आणि ही साखर येते तरी कोठून? तूं एवढीं पुस्तकें वाचतोस, जरा पाहा पाहूं." तेव्हां मीं भिंग घेतलें आणि त्या डब्याच्या पाठीवरील मुंगीच्या अक्षरांचें अध्ययन आरंभिलें.

त्या डब्यावर लिहिलें होतें तें असें: १०० ग्रॅममध्यें स्निग्धांश दीड ग्रॅम, कर्बोदकें १६ ग्रॅम, आणि त्यांपैकीं बाहेरून घातलेली साखर १० ग्रॅम. पिष्ट व शर्करा मिळून जो वर्ग होतो त्याला आज कर्बोदकें म्हणतात. १० ग्रॅम साखर म्हणजे चहाचे दोन चमचे. अर्थात् दादा रोज चार वाजतां चार चमचे साखर खात होते, आणि तीही पथ्य म्हणून. घटकांची यादी पाहिली तर दुधानंतर लगेच साखरेचें नांव, आणि त्याखालीं घट्टपणासाठीं घातलेलें पिष्ट. यादींत जो पदार्थ वजनानें अधिक त्याचें नांव आधीं येतें, हा नियम वाचकांनीं लक्षांत ठेवावा. तो ग्रहांच्या स्थानांइतकाच फलदायी आहे.

लेबल खोटें मुळींच नव्हतें. 'लो फॅट' म्हणजे स्निग्धांश कमी, आणि तो खरोखरच कमी होता. साखर कमी आहे असें त्यानें कोठेंही म्हटलें नव्हतें. तो अर्थ आम्हींच आमच्या पदरचा घातला होता. व्याकरण शिकविण्यांत जन्म गेलेल्या माणसानें विशेषण कोणत्या विशेष्याचें आहे हें पाहूं नये, याला काय म्हणावें?

आतां दह्याचें थोडें गणित सांगतों. आपल्या देशांतील पिशवीच्या दुधाचे प्रकार कायद्यानें ठरलेले आहेत. फुल क्रीम दुधांत किमान ६ टक्के स्निग्धांश असावा लागतो, प्रमाणित दुधांत साडेचार, टोन्ड दुधांत ३, डबल टोन्डमध्यें दीड, आणि साय काढलेल्या दुधांत अर्ध्या टक्क्याहून अधिक नसावा. हें झालें स्निग्धांशाचें. पण दुधाची स्वतःची जी साखर, म्हणजे लॅक्टोज, ती या सर्व प्रकारांत जवळजवळ सारखीच, पांच टक्क्यांच्या आसपास राहते. साय काढून टाकली म्हणून दुधांतील साखर कमी होत नाहीं. ती सायींत नव्हतीच मुळीं.

दूध विरजलें म्हणजे विरजणांतील जंतु या साखरेचा कांहीं भाग खाऊन त्याचें आम्ल करितात. म्हणूनच दहीं आंबट लागतें. हे जंतु कोणते, याचा शोध स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्यानें १९०५ साली जिनिव्हा येथें लावला. आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील मेचनिकॉव्ह यांनीं दह्याचा दीर्घायुष्याशीं संबंध जोडून युरोपभर दह्याचा डंका पिटला. आपल्या आज्यांना या जंतूंचें नांव ठाऊक नव्हतें; पण विरजण किती घालावें, थंडींत भांडें कशांत गुंडाळावें आणि दहीं केव्हां मोडावें, हें मात्र पक्कें ठाऊक होतें.

तेव्हां साध्या, साखर न घातलेल्या, सायीसकट लावलेल्या दह्याच्या १०० ग्रॅममध्यें कर्बोदकें साडेचार ते पांच ग्रॅमच्या आसपास असतात. दीडशें ग्रॅमची भरलेली वाटी घेतली तरी सात ग्रॅमच्या घरांत. उलट शिजलेल्या पांढऱ्या भाताच्या १०० ग्रॅममध्यें सुमारें २८ ग्रॅम. तात्पर्य, दहींभातांत संशयित कोण हें आतां वाचकांनींच ठरवावें. आम्हीं मात्र इतके दिवस दह्यालाच पिंजऱ्यांत उभें केलें होतें.

स्निग्धांशाची ही धास्ती आली कोठून? १९७७ साली अमेरिकेच्या सिनेटच्या एका समितीनें आपल्या लोकांसाठीं आहाराचीं उद्दिष्टें जाहीर केलीं, आणि त्यांत स्निग्ध पदार्थ कमी करावे, हा उपदेश प्रमुख होता. साखरही कमी करा, असें तींत सांगितलेलें होतें. पण बाजारानें पहिला उपदेश उचलला आणि दुसरा सोयीस्करपणें बाजूस ठेवला. साय काढली कीं दह्याची चव जाते, घट्टपणा जातो. तो भरून काढावयास साखर आणि पिष्ट हजर! तोच माल फिरत फिरत आपल्याकडे आला.

येथवर मीं सांगितलें तेव्हां सूनबाई म्हणाल्या, "काका, म्हणजे आतां साय पोटभर खावी असें का तुमचें म्हणणें?" प्रश्न रास्त होता. नाहीं, तसें नाहीं. एका ग्रॅम स्निग्धांशांत ९ उष्मांक असतात आणि कर्बोदकांत ४, हें कोणालाही चुकत नाहीं. म्हशीच्या सायीच्या दह्याची दीडशें ग्रॅमची वाटी १४०-१५० उष्मांकांपर्यंत जाते. शिवाय दुधांतील स्निग्धांश हा बहुतांशीं त्या जातीचा असतो, जो कित्येकांच्या रक्तांतील वाईट कोलेस्टेरॉल वाढवितो. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत २१ देशांतील सुमारें १,३६,००० लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तींत दूधदुभतें अधिक खाणाऱ्यांत हृदयविकार व मृत्यु कमी आढळले. पण ती पाहणी होती, प्रयोग नव्हे. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एकीमुळें दुसरी झाली, असें होत नाहीं. मार्च २०२४ मध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेंही, आठवड्यांत किमान दोन कप दहीं खाल्ल्यास मधुमेहाचा धोका कमी होण्याचा संभव आहे, असें छापण्यास मुभा दिली. मात्र पुरावा मर्यादित आहे, हेंही बरोबर सांगितलें पाहिजे, अशी अट घातली. म्हणून सायीचें दहीं हें औषध नव्हे. तें एक चांगलें अन्न आहे, आणि साखरेच्या दह्यापुढें तर फारच चांगलें. एवढेंच म्हणणें सत्यास धरून आहे.

आमच्या आक्कांचा आक्षेप निराळ्याच बाजूनें आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वडिलांपाशीं बसून तिनें जें ऐकलें तें मला पाठशाळेंत बसूनही आलें नाहीं. ती म्हणाली, "अरे, प्रमेहाच्या कारणांत चरकानें दहीं सांगितलें आहे. तें तूं सोईस्करपणें विसरलास काय?" खरेंच आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत प्रमेहाचीं कारणें सांगतांना दह्याचें नांव आलें आहे. रात्रीं दहीं खाऊं नये, असा निषेधही त्याच ग्रंथांत अन्यत्र आहे. मीं ग्रंथ काढून तो भाग पुन्हां वाचला. त्या यादींत दह्याबरोबर नवें धान्य आहे, गुळाचे पदार्थ आहेत. आणि या सर्वांच्या आधीं, अगदीं प्रारंभीं काय आहे? सुखानें बसून राहणें आणि सुखानें निजून राहणें! प्राचीनांच्या प्रमेहांत वीस प्रकार येतात, आणि आजच्या मधुमेहाशीं त्या सर्वांची बरोबरी करतां येत नाहीं, हें खरें. तरी यादीचा अनुक्रम पाहून मी आक्कांना म्हणालों, "आधीं दादांना उठवून घाटावर चालावयास लावूं, मग दह्याचा विचार करूं." आक्का हंसली आणि म्हणाली, "आणि तूं? तुझी आरामखुर्ची त्या यादींत बसत नाहीं वाटतें?" तेव्हांपासून आम्ही दोघे भाऊ रोज जेवणानंतर अर्धा तास चालतों.

आतां निवड कशी करावी, तें सांगतों. घरीं दहीं लावणें शक्य असेल तर प्रश्नच मिटला. साधें दूध सायीसकट तापवावें, कोमट झालें कीं विरजावें. विकतचें घ्यावयाचें असेल तर डब्याचा दर्शनी भाग पाहूं नये, पाठ पाहावी. घटकांत दूध आणि विरजण यांखेरीज फारसें कांहीं नसावें. 'घातलेली साखर' या ओळींत शून्य असावें. कर्बोदकें १०० ग्रॅमला पांच-सहा ग्रॅमच्या पुढें फार गेलीं असतील तर दुधाची भुकटी, पिष्ट किंवा साखर यांपैकीं कोणी तरी आंत शिरलें आहे असें समजावें. लिक्विड ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन, मध, फळांचा गर हीं सर्व नांवें वेगळीं असलीं तरी रक्तांत गेल्यावर त्यांचें गोत्र एकच.

बाजारांत 'ग्रीक' म्हणून जें घट्ट दहीं महागड्या भावानें मिळतें, तें वाचकभगिनींना मुळींच नवें नाहीं. दहीं फडक्यांत बांधून टांगलें कीं पाणी गळतें आणि त्याबरोबर लॅक्टोजचाही कांहीं अंश निघून जातो. मागें राहतो तो चक्का. त्यांत प्रथिनें अधिक, साखर कमी. श्रीखंडाचा अपराध चक्क्याचा नाहीं. चक्क्यांत आपण जी साखर ओततों तिचा आहे. दादांसाठीं वहिनी आतां चक्क्यांत मीठ, जिरेपूड आणि किसलेली काकडी घालतात. गळलेलें पाणी टाकीत नाहींत, त्यांत कणीक भिजवितात. साखर घातलेली लस्सी आणि ताक यांतही असाच जमीन-अस्मानाचा फरक आहे. उन्हाळ्यांत आलें-कोथिंबीर लावलेलें ताक हें दादांचें खरें मित्र.

पण या लेखांतील मुख्य मुद्दा अजून पुढेंच आहे. कमी कर्बोदकांचा आहार म्हणजे ताटांत कांहीं तरी नवें वाढणें नव्हे; ताटांतून कांहीं तरी काढणें होय. ही कल्पना आजची नाहीं. लंडन येथील विल्यम बँटिंग नांवाच्या, अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणाऱ्या एका लठ्ठ गृहस्थानें १८६३ साली आपल्या स्थूलतेविषयीं एक छोटें पत्रक छापलें. पाव, साखर, बटाटे, बिअर वर्ज्य केल्यानें आपलें वजन कसें उतरलें, हें त्यांत त्यानें सांगितलें. आणि तें इतकें गाजलें कीं त्याचें आडनांवच पथ्याचें क्रियापद होऊन बसलें. गमतीची गोष्ट म्हणजे बँटिंगच्या वर्ज्य यादींत दूध आणि लोणीही होतें! १९२२ साली इन्सुलिनचें पहिलें इंजेक्शन माणसाला देण्यांत आलें, त्यापूर्वीं मधुमेह्याच्या ताटांतून पिष्ट व साखर काढणें याखेरीज वैद्यांच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें.

आपल्या ताटाचें काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणींतून २०२३ साली असें दिसून आलें कीं, देशांत १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्याच पाहणीच्या २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक भागांत सांगितलें आहे कीं, आपल्या एकूण उष्मांकांपैकीं सुमारें ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. तींत आणखी एक लक्षांत घेण्यासारखी गोष्ट आहे. भाताऐवजीं पोळी अथवा भाकरी, एवढ्या अदलाबदलीनें फारसा लाभ दिसला नाहीं. कर्बोदकांचा थोडा वाटा कमी करून तेथें डाळी-कडधान्यांतील किंवा दुधांतील प्रथिनें घेतलीं, तर धोका कमी दिसला. म्हणजे भात सोडून तीन भाकऱ्या खाणाऱ्याला पथ्याचें पुण्य लागत नाहीं.

आमच्या घरीं हळूहळू जी व्यवस्था बसली ती अशी. दादांच्या ताटांत निम्मी जागा भाजी-कोशिंबिरीची: दुधी, पडवळ, दोडका, भेंडी, गवार, वांगीं, मेथी, कोबी. वरण किंवा उसळ घट्ट आणि वाटीभर. कडधान्यांतही पिष्ट आहे, पण प्रथिनें व तंतु सोबत असल्यानें तें सोसतें. एक पोळी. भात चार घास, तोही शेवटीं. सायीच्या दह्याची वाटी दुपारीं. मधल्या वेळीं मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा ओल्या नारळाचा तुकडा. पनीर आठवड्यांतून दोनदां. फळांत पेरूच्या दोन-तीन फोडी चालतात. चिकू, केळें, आंबा यांची भेट प्रसंगोपात्त. बटाटा ही भाजी नव्हे, भाताचाच चुलतभाऊ आहे, हें पटवावयास मात्र मला पुष्कळ दिवस लागले.

उपासाच्या दिवसाविषयीं वेगळें सांगितलें पाहिजे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. कोरड्या साबुदाण्याच्या १०० ग्रॅममध्यें सुमारें ८८ ग्रॅम कर्बोदकें. मधुमेह्याला खिचडीची बशी ही इतर दिवसांच्या जेवणाहून जड पडते. आक्का आतां एकादशीला दाण्याची आमटी, काकडीची दह्यांतली कोशिंबीर आणि खोबरें एवढ्यावर भागविते, आणि म्हणते, "एवढ्या वर्षांनीं खरा उपास घडूं लागला."

आतां माझी चूक. लेबल वाचलें, बँटिंगचें चरित्र वाचलें, आणि मला मोठा चेव आला. हळूहळू कसलें, एकदमच करूं! मीं दादांचा भात बंद केला, रात्रीची पोळी बंद केली, फळ बंद केलें. रात्रीं केवळ भाजी, पनीर आणि ताक. दादा बिचारे आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे खात होते, कारण धाकटा भाऊ मास्तर! आंकडे झपाट्यानें उतरूं लागले आणि मी वहीवर आलेख काढूं लागलों. गोळ्या मात्र होत्या तशाच चालू होत्या.

आठव्या रात्रीं तीन वाजतां वहिनींनीं दार ठोठावलें. "भाऊजी, लवकर या. यांचें बोलणें कळत नाहीं." जाऊन पाहतों तों दादा घामानें थबथबलेले, हात कांपत आहेत आणि मला ते आमच्या वडिलांच्या नांवानें हांक मारीत आहेत. यंत्रांत आंकडा आला ५२. सत्तरच्या खालीं गेलेली साखर ही धोक्याची. सूनबाईंनीं धांवत जाऊन वरच्या फळीवरचा तो डबा काढला, तीन चमचे साखर पाण्यांत विरघळविली आणि दादांना घोट घोट पाजली. दादा शुद्धीवर होते व गिळूं शकत होते, म्हणून हें चाललें. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत कांहीं घालूं नये, त्याला तत्काळ रुग्णालयांत न्यावें. पंधरा मिनिटांनीं आंकडा ८१ झाला. मग दूध-पोळी दिली, कारण या जातीच्या गोळीचा अंमल कित्येक तास टिकतो आणि साखर पुन्हां उतरूं शकते. उजाडेपर्यंत आम्ही सर्व त्यांच्या उशाशीं बसून होतों. ज्या साखरेला शत्रु म्हणून आम्हीं फळीवर चढविलें होतें, तिनेंच त्या रात्रीं माझ्या भावाला परत आणलें.

सकाळीं डॉक्टरांकडे गेलों. सर्व ऐकून ते शांतपणें म्हणाले, "मास्तर, आहार हेंही औषधच. तुम्हीं एक औषध एकदम चौपट केलेंत आणि दुसरें तसेंच ठेवलेंत." त्यांनीं रात्रीची गोळी बंद केली, सकाळची निम्मी केली. मीं मान खालीं घातली. चाळीस वर्षें मुलांना 'प्रश्न पूर्ण वाचा' असें बजावणाऱ्या माणसानें डॉक्टरांचें वाक्य अर्धेंच ऐकलें होतें.

म्हणून वाचकांस हात जोडून सांगणें आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्यावांचून कर्बोदकें एकाएकीं तोडूं नयेत. ज्यांना डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गांतील औषध चालू आहे, त्यांना तर पिष्ट फारच तोडल्यास रक्तांत आम्ल सांचण्याचा निराळाच धोका असतो, आणि तेव्हां साखरेचा आंकडा फारसा वाढलेलाही दिसत नाहीं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं, गरोदर स्त्रियांनीं आणि हृदयाचें दुखणें असलेल्यांनीं विचारल्यावांचून असा आहार धरूं नये. वाढत्या मुलांवर तर तो मुळींच लादूं नये.

शेवटची गोष्ट सांगून लेखणी ठेवतों. त्या दिवशीं डॉक्टरांनीं सहज विचारलें, "घरांत आणखी कोणाचें रक्त तपासलें आहे काय?" वहिनी म्हणाल्या, "मला काय धाड झाली आहे?" आग्रहानें तपासणी केली, त्यांचा आंकडा ६.१ निघाला, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, तीन महिने आम्ही सर्व दादांच्या ताटाकडे पाहत होतों. वहिनींच्या ताटाकडे कोणीच पाहिलें नव्हतें. दादांचा उरलेला भात वायां जाऊं नये म्हणून त्या खात होत्या. मुलांनीं टाकलेली पोळी त्याच संपवीत होत्या. प्रत्येक पाहुण्याबरोबर गोड चहा त्याच घेत होत्या. साय दादांच्या वाटींत, आणि स्वतःला खालचें पाणीदार दहीं व गार भात, तोही सर्वांच्या मागून, तीन वाजतां!

आतां आमच्या घरीं भात मोजून टाकतात, त्यामुळें तो उरतच नाहीं. दहीं दोन वाट्यांत निरनिराळें विरजलें जातें, दोन्हींवर साय सारखीच असते. आणि वहिनी दादांच्या बरोबरीनें पानावर बसतात. पहिले कांहीं दिवस त्यांना फार संकोच वाटला. आतां त्याच दादांना "भात पुरे" म्हणून बजावतात. दादांचा आंकडा तीन महिन्यांनीं ७.१ वर आला. याचें श्रेय दह्याला देऊं नये. कमी झालेला भात, रोजचें चालणें, डॉक्टरांनीं बदललेलीं औषधें या सर्वांचें तें आहे. वहिनींची तपासणी पुढल्या महिन्यांत आहे.

असो. घरांत एकाला पथ्य लागलें म्हणजे तें सर्व घराचें पथ्य समजावें. आणि घरांत जें माणूस सर्वांच्या शेवटीं जेवतें, त्याचें ताट सर्वांच्या आधीं पाहावें. दह्याचा डबा निवडण्याची विद्या पांच मिनिटांत शिकतां येते. ही दुसरी विद्या शिकावयास मला सदुसष्ट वर्षें लागलीं.